एका खोलीचा बावन्नावा हिस्सा

त्या सहलीत मला मिळायचं होतं ते एवढंच: एक मुलगी, वय एकोणचाळीस, आणि एक नातू, वय सहा. दोन्ही तीन दिवसांच्या बोलीवर आणि परत करायच्या अटीवर. बाकीच्यांना किल्ला मिळाला, आतषबाजी मिळाली, पोहायचा तलाव मिळाला आणि माझ्याबद्दल जन्मभर बोलायला एक विषय मिळाला. त्या मानानं माझी मागणी माफक होती असं माझं अजूनही मत आहे.

मेकन गावच्या काउंटी कचेरीत, म्हणजे जिल्हा कचेरीत, एकतीस वर्षं मी लोकांच्या घरांची किंमत ठरवली. कर बसवायचा तर आधी किंमत ठरवावी लागते. कुणी सांगितलं, साहेब, या घरात माझी आई वारली, तर मी छप्पर बघायचो. असा माणूस फसत नाही, असा गावात माझा लौकिक होता. गावात म्हणजे मुख्यतः माझ्या घरात, आणि माझी बायको लॉरेटा गेल्यापासून घरात मी एकटाच.

मुलगी कॅमिल सिएटलला. एवढ्या लांब जायला विमान लागतं आणि मी विमानात बसत नाही. जी मालमत्ता जमिनीला चिकटलेली नाही तिच्यावर माझा विश्वास नाही. दर रविवारी ती फोनवर दिसायची. नातू एझ्राही दिसायचा, पण फोन त्याच्याच हातात असल्यामुळे चार वर्षांत तो मला अर्धं कपाळ आणि एक नाकपुडी एवढाच माहीत झाला होता. कपाळ लॉरेटाचं होतं. नाकपुडीबद्दल मी मत राखून ठेवलं होतं.

“या की एकदा घरी,” मी म्हणायचो.

“बाबा, मेकनला येऊन एझ्रा करणार काय? तुमच्या ओसरीवर बसून गाड्या मोजणार?” कॅमिल म्हणायची. मग एकदा सहज म्हणाली, “फ्लोरिडात त्या किल्लेवाल्या पार्कात वगैरे भेटायचं असतं, तर आलो असतो.”

ती सहज म्हणाली. मी तो करारनामा धरला.

तिथंच गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण मी ते वर्डेल आत्याला सांगितलं. माझी ही आत्या ऐंशीच्या पुढची, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी, डोक्यावर नेहमी टोपी. त्या टोपीमुळे मागच्या तीन बाकांना पाद्री दिसत नाही आणि त्यांची तक्रारही नाही. आत्याला एखादी गोष्ट सांगणं म्हणजे ती दवंडी पिटून सांगण्यापेक्षा किंचित स्वस्त. रविवारची प्रार्थना संपेपर्यंत आमच्या घराण्यातले अठरा टार्व्हर तयार झाले होते.

“आपण टार्व्हर लोक हल्ली फक्त दफनालाच भेटतो,” आत्यानं चर्चच्या पायरीवर जाहीर केलं. “एकदा कुणी मेलेलं नसताना भेटू या. संमेलन पार्कात! आणि सगळं स्वस्तात बसवायला आपला एलिस आहेच. सरकारी माणूस आहे.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कौतुकानं पाहिलं की गिऱ्हाईक म्हणून, हे कळायला मला उशीर झाला.

पार्काच्या एका माणसाच्या एका दिवसाच्या तिकिटात आमच्या गल्लीतल्या एखाद्या लहान घराची वर्षाची कचरापट्टी भरून निघते. अठरा इथले, दोन सिएटलचे. म्हणजे अख्ख्या गल्लीचा कचरा. मी पार्काला फोन लावला. पाऊण तास बासरी ऐकवल्यावर एक बाई आल्या.

“गटासाठी सवलत आहे ना?” मी विचारलं.

“आहे ना, सर. शाळा आहात?”

“नाही.”

“वाद्यवृंद? क्रीडासंघ? चर्चची गायकमंडळी?”

“कुटुंब आहे आमचं.”

थोडा वेळ टकटक ऐकू आली. “सर, कुटुंब हा प्रकार आमच्याकडे गटात येत नाही.”

“वीस माणसं आहेत, बाई.”

“वीस सुटी माणसं, सर,” त्या गोड आवाजात म्हणाल्या. आमच्या घराण्याचं इतकं अचूक वर्णन आजवर कुणी केलेलं नाही.

मग निधी. चर्चच्या आवारात आम्ही तळलेल्या कॅटफिशची ताटं विकली. मासे उत्तम झाले. इतके उत्तम, की निम्मी ताटं टार्व्हरांनीच उधारीवर खाल्ली. उरलेल्या पैशांत आत्यानं संमेलनाचे शर्ट छापून घेतले. आंब्यासारखे पिवळे, पुढं ‘टार्व्हर कुटुंब संमेलन’, पाठीवर सगळ्यांची नावं. शर्टाशिवाय संमेलन म्हणजे अंगठीशिवाय लग्न, असं आत्या म्हणते. संमेलनाच्या दिवसांत ज्याच्या अंगात शर्ट नाही, त्याला शारलीनचं बटाट्याचं सॅलड मिळत नाही, हा तिचा कायदा आहे आणि तो मोडलेला मी पाहिलेला नाही.

ही शारलीन माझ्या चुलतभावाची, ड्वाइटची बायको. म्हणजे होती. घटस्फोटात तिला घर मिळालं, ड्वाइटला गाडी मिळाली आणि आम्हाला सॅलड. त्यामुळे ती दर संमेलनाला असते. पाठीवरच्या यादीत तिचं नाव शेवटी, ‘स्नेही’ या मथळ्याखाली छापतात. तेवढी एकच स्नेही आहे.

आता हॉरेस पर्विस. हा माझा शेजारी. सैन्यातून परतल्यापासून काउंटीच्या हद्दीबाहेर गेलेला नाही, पण जगातली अशी जागा नाही जिथं कमी पैशांत कसं जायचं हे त्याला ठाऊक नाही. कुंपणावर कोपरं टेकून त्यानं माझ्या सहलीचा ताबा घेतला.

“पाणी विकत घ्यायचं नाही. सँडविच घरून न्यायची. तीन वर्षांखालचं पोर फुकट जातं.”

ड्वाइट तिथंच उभा होता. “माझा टेरेल चालेल का?” त्यानं विचारलं. टेरेलला मिशी आहे.

“आणि तिकिटं विकत घेतो तो मूर्ख,” हॉरेस म्हणाला. “तिकडे टाइमशेअरवाले आहेत. एका खोलीचे बावन्न मालक करतात, दर मालकाला वर्षातला एक आठवडा. त्यांचं व्याख्यान दोन तास ऐकायचं, नाही म्हणायचं आणि उठायचं. नवराबायकोच्या जोडीला चार तिकिटं जवळजवळ फुकट. पाच जोड्या बसव, वीस तिकिटं.”

“आणि कुणी फसून खोली घेतली तर?”

“एलिस,” हॉरेस दुखावल्या आवाजात म्हणाला, “तू बरोबर असशील ना?”

मी जोड्या मोजायला घेतल्या.

घराण्यात टिकलेल्या जोड्या चार होत्या. पाचवी कुठून आणायची? सगळ्यांच्या माना हळूहळू ड्वाइट आणि शारलीनकडे वळल्या.

“दोन तास?” शारलीन म्हणाली. “अकरा वर्षं काढली, दोन तास काय. पण मी याच्या शेजारी बसणार नाही.”

“नवराबायको आहात,” मी म्हणालो. “शेजारी न बसलात तरी खरं वाटेल.”

योजना मी कचेरीच्या शिस्तीनं आखली. पाच जोड्या, पंधरा पंधरा मिनिटांच्या अंतरानं, एकमेकांना न ओळखणाऱ्या. मी पहिल्या जोडीच्या आधी जाऊन कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत बसणार. आत्याला यातलं काही सांगायचं नाही, कारण ती खोटं बोलत नाही आणि दुसऱ्यालाही बोलू देत नाही. तिनं बाकीच्यांसह चर्चच्या गाडीत थांबायचं. ही गाडी डीकननं, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यानं, आम्हाला दोन अटींवर दिली होती: टाकी भरून आणायची आणि बाकांच्या फटीत कोंबडीची हाडं टाकायची नाहीत.

शुक्रवारी सकाळी आम्ही त्या कार्यालयात पोचलो. कॅमिलचं विमान दुपारी उतरणार होतं. आत बर्फासारखी थंडी, फुकट मफिन आणि तिथल्या सगळ्या विक्रेत्यांचे दात एकसारखे पांढरे. माझ्या वाट्याला ट्रेंट नावाचा तरुण आला. पहिली जोडी आली, बसली. दुसरी आली, बसली. तिसरी आली. ट्रेंट त्यांच्याकडे बघून हसत होता. चौथी आली तेव्हा त्यानं हसणं थांबवलं. पाचवे ड्वाइट आणि शारलीन, दारातच कुजबुजत भांडत, अगदी अस्सल नवराबायकोसारखे. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

“सर,” ट्रेंट म्हणाला, “तुम्ही या लोकांना ओळखता?”

“छे! आजच पाहतोय.”

त्यानं माझ्या छातीकडे पाहिलं. मग त्या पाच टेबलांकडे. मग पुन्हा माझ्या छातीकडे.

अकराच्या अकरा जण आंब्यासारखे पिवळे होतो.

तुम्ही म्हणाल, एवढं साधं कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही? संमेलनात शर्ट घालणं आम्हाला शिकवावं लागत नाही. सकाळी उठून माणूस अंगात कातडी आहे का बघतो का? योजनेतल्या प्रत्येक मिनिटाचा मी विचार केला होता, शर्टाचा नाही. शर्ट ही विचार करायची गोष्टच नव्हती.

तरीही मी काही बोलणार होतो. पिवळा रंग यंदा चालतोय, असं काहीतरी. तेवढ्यात दार उघडलं आणि पिवळ्या शर्टावर जांभळी टोपी घालून वर्डेल आत्या आत आली.

“गाडीत मरणाचं उकडतंय,” ती म्हणाली. मग तिनं दालनभर नजर फिरवली. “एलिस, सगळे असे लांब लांब का बसलेत? भांडण झालं का? ड्वाइट, शारलीनच्या टेबलावर काय करतोयस तू? ऊठ! बिचारीला सुखानं खाऊ दे.”

ट्रेंटनं कागद फाइलमध्ये ठेवले. “मिस्टर टार्व्हर, गटानं आलेल्यांना ही सवलत नाही.”

“तुमच्या पार्काच्या बाई म्हणाल्या, कुटुंब म्हणजे गट नाही.”

“त्या पार्काच्या, सर. आम्ही पार्क नाही.”

म्हणजे सवलत मागायला गेलो तेव्हा आम्ही सुटे होतो आणि नाकारायची वेळ आली तेव्हा गट झालो. एकतीस वर्षं मी कचेरीत हेच करत आलो होतो, पण टेबलाच्या त्या बाजूनं ते इतकं वाईट दिसत नाही.

वीस तिकिटांचे पूर्ण पैसे आमच्याकडे नव्हते. होते त्यात मोटेलचं भाडं आणि परतीचं पेट्रोल होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि यावेळी कौतुकाचा संशयही नव्हता. दुपारी कॅमिल उतरणार. तिला काय सांगणार होतो? या, मोटेलच्या ओसरीवर बसून गाड्या मोजू?

ट्रेंट उठला नव्हता. हलक्या आवाजात म्हणाला, “एक विचारू का, साहेब? एवढा खटाटोप कुणासाठी?”

मी सांगायला नको होतं. पण त्या सकाळी माझ्याबद्दल कुणीच काही विचारलं नव्हतं, फक्त बघितलं होतं. मी कॅमिलचं सांगितलं. एझ्राचं कपाळ सांगितलं. ते लॉरेटाचं आहे, तेही सांगितलं. ट्रेंटनं पेनाचं टोपण काढलं. ते मी पाहिलं, आणि तरी बोलत राहिलो.

त्यानं एक छायाचित्र पुढे सरकवलं. झोपायची खोली, खिडकीत ताडाचं झाड, एकावर एक दोन लहान खाटा. “ही खालची तुमच्या नातवाची,” तो म्हणाला. “दर वर्षी एक आठवडा. मोठा झाला, की वरची.”

छप्पर कसलं आहे, हे विचारायचं मी विसरलो.

“आणि मालकाच्या पाहुण्यांना गटाचा नियम लागत नाही,” तो पुढे म्हणाला. “वीस तिकिटं आत्ता देतो. दोन रात्री खोलीही देतो.”

मी बाहेर जाऊन हॉरेसला फोन केला.

“सही कर,” हॉरेस म्हणाला.

“काय?”

“अरे, दहा दिवसांच्या आत पत्र पाठवून रद्द करता येतं. तिथला कायदाच आहे तसा. तिकिटं काय, तुमच्या पोटातून परत काढणार आहेत? सही कर, मजा कर, घरी ये, पत्र टाक.”

मी सही केली. दहा वर्षं, महिन्याला दोनशे एकतीस डॉलर, शिवाय दरसाल देखभाल. पिवळ्या शर्टांनी टाळ्या वाजवल्या. टेरेलनं उरलेले मफिन शर्टात बांधून घेतले.

विमानतळावर कॅमिल मला मिठी मारून म्हणाली, “बाबा, तुम्ही लहान झालात.” मी म्हणालो, तुला लांबून बघायची सवय झालीय म्हणून तसं वाटतं. मग तिच्या मागून एक मुलगा निघाला. कपाळाला जोडून दोन डोळे होते, पुढचा एक दात नव्हता, गुडघ्यावर खपली होती. एवढा सगळा माल फोनवर कधी दाखवला नव्हता.

तो माझ्याकडे वर बघत राहिला. “तुमची फक्त हनुवटी असायची,” तो म्हणाला.

त्या रात्री एझ्रा खालच्या खाटेवर झोपला. मोठा पलंग अर्थातच आत्यानं घेतला. मालक कोचावर.

शनिवारी पार्क. आत शिरताच आत्याला लाकडी घोड्यांचं चक्र दिसलं आणि तिथून ती हललीच नाही. तिच्या लहानपणी मेकनच्या बागेत असंच एक चक्र होतं. तेव्हा आम्हा काळ्या लोकांना आत सोडत नसत, आणि ती कुंपणाच्या तारा धरून एकेक घोडा पाठ करायची. एवढंच तिनं सांगितलं आणि टोपीची पिन घट्ट केली. तिला पांढऱ्या घोड्यावर चढवायला ड्वाइट आणि टेरेल दोघं लागले. चक्र थांबलं, तर उतरेना. “अजून एक,” ती म्हणाली. नियमाप्रमाणे उतरून पुन्हा रांगेत यावं लागतं, असं तिथला माणूस सांगायला गेला. आत्यानं टोपीखालून त्याच्याकडे पाहिलं. तो मागे फिरला आणि त्यानं चक्र सुरू केलं.

एझ्राला त्या काळोख्या डोंगरातून जाणाऱ्या आगगाडीत बसायचं होतं. मी आणि तो रांगेत लागलो. पाटीवर लिहिलं होतं, इथून पुढे दीड तास. बाकीचे लोक पाटी वाचून कण्हत होते. मी ती दोनदा वाचली.

त्या दीड तासात मला कळलं, की एझ्राला भेंडी आवडत नाही, त्याच्या वर्गात एक सरडा आहे, आणि आजी कशी हसायची हे त्याला ठाऊक नाही. मी हसून दाखवलं. लॉरेटासारखं मला येत नाही, पण पुढची बाई वळून हसली, म्हणजे अगदीच वाया गेलं नसावं. मग तो म्हणाला, पाय दुखतात. मी उचलून घेतलं. सहा वर्षांचं पोर जड असतं. फोनवर त्याचा अंदाज येत नाही. थोड्या वेळानं माझ्या मानेवर लाळ ओघळली आणि त्याचा हात सैल पडला.

रांग पुढे सरकू नये असं वाटणारा त्या अख्ख्या पार्कात मी एकटाच असेन. आमची पाळी आली तेव्हा मी मागच्या माणसांना पुढं सोडलं. त्यांच्या मागच्यांनाही सोडलं. गाडीवरची मुलगी म्हणाली, “सर, बसायचं नाही का?” मी म्हणालो, बसायचंय ना, पण एवढ्यात नाही.

रविवारी ती दोघं गेली. विमानतळाच्या काचेतून एझ्रानं हात केला. सगळा हात दिसला, खांद्यापर्यंत.

घरी येऊन मी पहिलं काम केलं ते पत्र. उत्तम झालं. तीन परिच्छेद, करार क्रमांक, मुदतीच्या आत असल्याचा उल्लेख, खाली सही. इतकं नेटकं पत्र मी नोकरीतही लिहिलं नव्हतं. पाकिटाला तिकीट लावून दाराजवळ ठेवलं.

“टाकलंस का पत्र?” हॉरेस रोज कुंपणावरून विचारायचा.

“टाकतो.”

“विसरशील.”

“एकतीस वर्षांत मी मुदत विसरलेलो नाही.”

आणि विसरलो नाहीच. मुदत सोमवारी संपत होती आणि रविवारी फोन वाजला. पुन्हा अर्धं कपाळ आणि एक नाकपुडी.

“आजोबा, पुढच्या वर्षी मी वरच्या खाटेवर झोपू?”

“वरून पडलास तर?”

“मग खालची. पण तीच खोली ना?”

“तीच,” मी म्हणालो.

कपाळ बाजूला झालं आणि कॅमिल दिसली. “बाबा, त्याला आत्तापासून कबूल करू नका हं. माझ्या रजेचं काही खरं नसतं.”

“पण याल ना?”

“बघू,” ती म्हणाली.

सोमवारी दुपारी टपालाची गाडी आली आणि गेली; पाकीट दाराजवळच राहिलं. हॉरेस कुंपणावर होता, मी ओसरीवर. त्यानं पाकिटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कुंपणावरची कोपरं उचलून तो घरात गेला.

तर आता कुणी काय भरलं, ते. पेट्रोल चर्चनं भरलं, कारण टाकी भरून द्यायची अट ड्वाइटनं ऐकलीच नव्हती. शर्ट कॅटफिशनं भरले. मोटेलचं भाडं सगळ्यांनी वाटून घेतलं. ड्वाइटचा वाटा शारलीननं भरला आणि तेव्हापासून तो तिच्या घराची पन्हळ दुरुस्त करायला जातो, ती अजून दुरुस्त झालेली नाही. आत्यानं काही भरलं नाही; तिच्याकडून घेणं आमच्या कुणाच्या हिशेबात बसत नव्हतं. हॉरेसनं सल्ले भरले.

उरला तो ‘बघू’. त्याचे मी महिन्याला दोनशे एकतीस डॉलर भरतो.